अख्खी नाव की सुटे भाग

दिल्लीत स्वतःच्या मालकीची नाव असलेले मराठी सरकारी नोकर माझ्या माहितीत दोनच होते. एक मी आणि दुसरा माझा मित्र. नाव मात्र दोघांत मिळून एकच. फायबरची, सोळा फुटी, घेतली तेव्हा पांढरी होती आणि आमच्याकडे राहून पिवळी पडली. तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं पेट्रोलचं इंजिन होतं आणि खाली दोन चाकांची ट्रॉली. पटपडगंजच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भिंतीलगत, ती अठरा वर्षं उभी होती. यमुना तिथून रिक्षाने गेलं तरी अर्ध्या तासावर. पण अठरा वर्षांत आम्ही तिला यमुना दाखवली नाही.

ती आमच्याकडे आली तीही सरकारी मार्गाने. सरकारात मोडकी वस्तू नुसती फेकून देता येत नाही. आधी समिती बसते, वस्तू निकामी आहे असं लिहून देते, मग लिलाव होतो. त्या वर्षी आमच्या ऑफिसच्या मागच्या अंगणात मोडक्या खुर्च्या, गंजलेले कूलर, टाइपरायटरांचा ढीग आणि पूरनियंत्रणाच्या कुठल्याशा युनिटमधून आलेली ही नाव, असा सगळा संसार लिलावाला मांडला होता. निकामी ठरवणाऱ्या समितीत मी होतो. मी नावेची तांत्रिक तपासणी केली, म्हणजे बोटाने दोनदा टकटक केलं आणि सही केली. समितीतल्या माणसानेच बोली लावणं बरं दिसत नाही, म्हणून बोली मित्राने लावली. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. दिल्लीची माणसं आमच्याइतकी खुळी नसतात.

मित्राला ती का हवी होती ते त्याने मला त्याच दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. तो मराठवाड्यातल्या टँकरच्या गावचा. त्याच्या लहानपणाच्या सगळ्या आठवणी रांगेच्या आहेत, हातात कळशी आणि पुढे चाळीस बायका. आपल्या मालकीचं असं काहीतरी असावं जे पाण्यावर चालतं, एवढीच त्याची इच्छा होती. मी हसलो. निम्मा वाटा मात्र उचलला, कारण त्याच्या रोहिणीच्या फ्लॅटला पार्किंग नव्हतं आणि आमच्या सोसायटीला होतं. मैत्रीत एवढं चालतं.

आता आमच्या खेळाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आम्ही दोघांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मराठीत लिहायची वेळ दिल्लीत येते कुणावर? आमच्या मुलांना कळशी म्हणजे काय तेही चित्र काढून दाखवावं लागतं. म्हणून नावेची फाइल आम्ही मराठीत उघडली. साधी पुठ्ठ्याची फाइल, वर विषय, 'नौका (विविध)'. नावेबद्दल काहीही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणायचं नाही, टिपण लिहायचं. 'नौकेवर कबुतरांनी केलेली कार्यवाही अवलोकनार्थ सादर.' त्यावर तो लिहायचा, 'पाहिले. कबुतरांकडून खुलासा मागवावा.' 'नौकेस रंग देणेबाबत.' 'चर्चा करा.' पुढे आम्ही निवृत्त झालो आणि टिपणं मोबाइलवर आली. भाषा तीच राहिली, आणि नियमही तेच. दुसऱ्याने त्याच थाटात उत्तर द्यायचं, आणि त्यातलं काहीही खरं धरायचं नाही. 'यथाप्रस्तावित मान्य' हे शब्द आम्ही एकमेकांना इतक्या वेळा लिहिले की नाव एव्हाना अंदमानला जाऊन यायला हवी होती.

ती पाण्यात का गेली नाही याचं उत्तरही त्याच फायलीत आहे. यमुनेत नाव घालायला परवानगी लागते एवढं कळलं होतं, कुणाची ते कळलं नाही. पाण्याच्या खात्याने आम्हाला वाहनांच्या खात्याकडे पाठवलं, तिथे चासिस नंबर मागितला. दिल्लीत गाडीचं वय झालं की ती भंगारात काढतात, तशी नावेचीही मुदत असते का, असं तिथल्या बाईंनी आम्हालाच विचारलं. एखाद्या धंदेवाल्याने सरळ नाव पाण्यात लोटली असती आणि पोलीस आला असता तर पुढचं पुढे बघितलं असतं. आम्ही सरकारी माणसं. परवानगीशिवाय आम्ही पाण्यात बोटही बुडवत नाही. एकदा गणपतीत मंडळवाल्यांनी विसर्जनासाठी ती मागितली होती. पण नदीतलं विसर्जन बंद झालेलं, आणि त्यासाठी खणलेला हौद नावेपेक्षा दोनच फूट मोठा निघाला. असून अडचण नसून खोळंबा असं म्हणतात. आमची नाव नसती तर कुणाचा खोळंबाही झाला नसता.

सहा वर्षांपूर्वी मित्राची बायको गेली. मुलगी लग्न होऊन गुरुग्रामला. तेव्हापासून तो दर रविवारी सकाळी मेट्रो बदलत रोहिणीहून यायचा, नाव पुसायचा, ट्रॉलीच्या चाकांत हवा भरायचा, आणि महिन्यातून एकदा इंजिन चालवायचा. असलं इंजिन पाण्याशिवाय चालवलं तर तापून बसतं, म्हणून तो मोठ्या निळ्या पिंपात पाणी भरायचा, इंजिनाचा पंखा त्यात बुडवायचा आणि दोरी ओढायचा. पिंपात लाटा उठायच्या, धूर व्हायचा, वरच्या मजल्यांवरच्या बायका वाळत घातलेले कपडे आत ओढायच्या. तो मात्र समोर समुद्र असल्यासारखा त्या पिंपाकडे बघत उभा. गेटवरचे गार्ड त्याला 'कप्तान साहब' म्हणायचे, अर्थात थट्टेने. त्याला ती थट्टा वाटत नसावी. मग तो वर येऊन आमच्याकडे जेवायचा. माझी बायको त्याच्यासाठी पाटवडी रस्सा करायची, जो मला एरवी मागूनही मिळत नसे.

थंडीत हे बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिल्लीची हवा इतकी बिघडते की सोसायटीने धूर काढणाऱ्या सगळ्या गोष्टींवर बंदी घातली होती. गार्डांची शेकोटी, जनरेटर आणि आमचं इंजिन. ते चार महिने इंजिन जनरेटरच्या मागच्या खोलीत लाकडी घोडीवर ताडपत्रीत बांधून ठेवलेलं असायचं. मित्र नियमाचा पक्का. मार्चशिवाय तो त्या दोरीला हात लावत नसे.

गेल्या वर्षी सोसायटीने ठराव केला. नावेच्या जागी विजेच्या गाड्यांचा चार्जिंग पॉइंट होणार, तरी संबंधितांनी मार्चअखेर नाव हलवावी. सोसायटीचा सचिव मी. म्हणजे ठरावावर सही माझी, नोटीस मीच मला दिली, आणि मिळाल्याची पोचही मीच मला दिली. मित्राला कळवलं तेव्हा त्याने टिपण लिहिलं नाही. समोर बसून तोंडाने बोलला, आणि तिथेच मला कळायला हवं होतं की हा विषय खेळातला राहिलेला नाही. विकूया म्हणाला, पण अख्खी. इंजिनासकट, ट्रॉलीसकट, आणि जो पाण्यात घालेल त्यालाच.

"ती एकदा पाण्यात गेली पाहिजे यार," तो म्हणाला. "माझ्या हातून नाही गेली, चालेल. कुणाच्या तरी हातून जाऊ दे."

मी ऍपवर जाहिरात टाकली. दोन महिन्यांत जे फोन आले त्यावरून या शहराला नाव म्हणजे काय वाटतं ते कळलं. एकाने ऍव्हरेज विचारलं. एकाला ती गच्चीवर उलटी घालून खाली सिगारेटी ओढायला बसायचं होतं. नोएडातल्या एकाला ती फक्त एका संध्याकाळपुरती हवी होती, घोडीवरून वरात काढणं आता जुनं झालं म्हणून. खरं गिऱ्हाईक म्हणावं असा एकच, छतरपूरच्या फार्महाउसांवर लग्नं लावणारा टेंटवाला. त्याला इंजिन नको, ट्रॉली नको, नुसतं खोकं हवं. मधोमध कापायचं, अर्ध्यात गोलगप्पे, अर्ध्यात दहीभल्ले, आत पगडीवाले वाढपी उभे. थीम काय, तर बनारस. मित्राने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला गेटपर्यंत पोचवलं, आणि परत येऊन तासभर नाव पुसत बसला. ती आधीच पुसून झालेली होती.

ट्रॉली एका डेअरीवाल्याला हवी होती. आणि इंजिनासाठी मायापुरीच्या भंगारबाजारातला कबाडी आला, तो मित्र नसताना, मधल्या वारी. मायापुरीत गाडी एका दाराने आत जाते आणि चाळीस दुकानांतून बाहेर येते. त्याने ताडपत्री उचलून इंजिन बघितलं, झाकण काढून आत बोट फिरवलं, आणि मला व्याख्यान दिलं. अख्ख्या वस्तूला अख्खं गिऱ्हाईक लागतं, आणि ते जन्माला आलेलं असेलच असं नाही. सुट्या भागांचं गिऱ्हाईक मात्र आधीच दारात उभं असतं. पंखा एकाला, कार्बोरेटर दुसऱ्याला, उरलेलं वजनावर. "पूरी चीज़ का कोई नहीं होता साहब," तो म्हणाला. "खोल दो, सब बिक जाएगा." मला ते लगेच पटलं. सरकारात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सोयीची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

सोय कसली तेही सांगून टाकतो. नोटीस हा बहाणा होता. सचिव मीच, जागेची मुदत आणखी वर्षभर सहज ओढून नेली असती. खरं हे की मला माझा रविवार परत हवा होता. सहा वर्षं दर रविवारी हा माणूस माझ्या घरात बसून माझ्या बायकोला हसवत होता, तिच्या हातच्या चवीला दाद देत होता, आणि मी शेजारी बसून त्याच्या पेल्यात पाणी ओतत होतो. त्याचं दुःख मोठं, म्हणून बोलायचीही सोय नव्हती. मला त्याचा कंटाळा आला होता. नाव गेली की तो येणार नाही, असा माझा सरळ विचार, आणि नाव घालवायचा सगळ्यात जवळचा रस्ता इंजिनावरून जात होता. इंजिन गेलं की अख्खी नाव उरतच नाही, मग वाद कशावर घालणार? निर्णय अवघड असेल तर आधी वस्तुस्थिती बदलून टाकायची, हे मी ऑफिसात मोठ्या साहेबांकडून शिकलो होतो.

पण कागद हवा. कागदाशिवाय पाप करायची मला सवय नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी मी मोबाइलवर टिपण लिहिलं. 'विषय: नौकेचे इंजिन स्वतंत्रपणे निकाली काढणेबाबत. नौका एकत्रितरीत्या विकली जाण्याची शक्यता दिसत नाही. सबब इंजिन प्रथम विकण्याचा प्रस्ताव मान्यतेस्तव सादर. सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.' सात दिवस लागले नाहीत. दहा मिनिटांत उत्तर आलं. 'यथाप्रस्तावित मान्य. इंजिनासोबत कप्तानासही निकाली काढावे.' पुढे हसणारे तीन चेहरे.

मी ते दोनदा वाचलं. तो खेळतो आहे हे मला माहीत होतं. मी खेळत नाही हे त्याला माहीत नव्हतं. फोन लावून 'अरे, हे खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी फोन लावला तो मायापुरीला.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन इंजिन घेऊन गेली. रिकाम्या घोडीवर ताडपत्री अगदीच लोंबायला लागली. ते डोळ्याला बरं दिसेना, म्हणून मी बाल्कनीतला जुना छोटा कूलर आणून घोडीवर ठेवला, वर ताडपत्री ओढली आणि दोरीने आवळून बांधली. कुणी विचारलंच तर ताडपत्री फाटू नये म्हणून ठेवला, असं उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही. ज्याच्या खिशात मान्यता असते त्याला कूलर लपवायची गरज पडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. मित्र जनरेटरच्या दिशेने नुसता वळला तरी मी त्याला चहाला हाक मारायचो. एकेका सकाळी त्याला चार-चार चहा झाले. जेवताना मी त्याला आग्रह करकरून वाढायला लागलो. तुम्ही अलीकडे भाऊजींशी फार बरे वागता, असं बायको एकदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. इंजिनाचा त्याचा निम्मा वाटा मी पाकिटात घालून कपाटात ठेवला होता. पण पाकीट द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून ते तिथेच राहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी गिऱ्हाईक आलं. ऍपवरून नाही. मित्र मला न सांगता चार-पाच वेळा यमुना बाजारच्या घाटांवर जाऊन आला होता, आणि तिथल्या मल्लाहांना, म्हणजे नावाड्यांना, मोबाइलवर नावेचे फोटो दाखवत फिरला होता. त्यातल्या एकाची लाकडी नाव, ज्या वर्षी यमुना रिंग रोडवर चढली त्या वर्षी, माणसं काढताना पुलाच्या खांबावर आपटून फुटली होती. तेव्हापासून तो दुसऱ्याची नाव भाड्याने चालवत होता. थंडीत बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांना शेव टाकायला येणारे हौशी लोक, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, आणि अस्थी घेऊन येणारी माणसं, असा त्याचा धंदा. वल्ही मारून मारून त्याचा उजवा खांदा गेला होता, म्हणून त्याला इंजिनाची नाव हवी होती. हे सगळं मित्राने मला फोनवर एका दमात सांगितलं. रविवारी टेंपो घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, वा, छान झालं.

मला मधे चार दिवस होते. चार दिवसांत माणूस फोन करू शकतो, रोहिणीला जाऊ शकतो. मी मायापुरीला जाऊन आलो. इंजिनाचे दोन महिन्यांपूर्वीच तुकडे होऊन ते मेरठपर्यंत पांगलं होतं, आणि कबाड्याने मला चहा पाजून परत पाठवलं.

रविवारी मित्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात नारळ आणि झेंडूचा हार. त्याचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मल्लाहाचा असणार म्हणून आणलं, असं त्याने मला समजावून सांगितलं. त्याला इतका खूश मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मल्लाह पन्नाशीचा, वाळलेला, कमी बोलणारा. त्याने नावेच्या तळाला हात लावून पाहिला आणि मान हलवली. मग इंजिन बघायचं ठरलं, आणि माझी तारांबळ उडाली. आधी चहा घेऊ म्हटलं. मग खोलीची किल्ली सापडत नाही म्हटलं. मग इंजिन मी मागाहून पाठवतो म्हटलं. मित्र हसला, सचिवांना हजार कामं असतात असं मल्लाहाला म्हणाला, आणि गार्डकडून दुसरी किल्ली घेऊन आला.

आम्ही तिघं खोलीत शिरलो. त्याने दोरीला हात लावला आणि थांबला. ती गाठ त्याची नव्हती. तो एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायचा, आणि मी भीतीपोटी एकावर एक चार मारून ठेवल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसून एकेक गाठ नखांनी सोडवली, उभा राहिला आणि ताडपत्री ओढली. कूलरच्या जाळीत मागच्या उन्हाळ्यातलं गवत तसंच होतं.

"बाबूजी, ये तो कूलर है," मल्लाह म्हणाला. वस्तूची ओळख पटवायला या वेळी समिती लागली नाही.

मी तोंड उघडलं. तुझी मान्यता आहे, तारीखवार आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते तसं तयार होतं याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. पण मित्र आधीच मल्लाहाकडे वळला होता.

"इंजन ख़राब हो गया था," तो म्हणाला. "मैंने ही निकलवा दिया. इनको तो पता भी नहीं."

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. ताडपत्रीची त्याने नीट घडी घातली आणि ती कूलरवर ठेवली. मल्लाह खांदा चोळत बाहेर गेला, नावेभोवती एक चक्कर मारून आला, आणि म्हणाला, नाव मजबूत आहे, इंजिनाचं पुढे कधीतरी बघू, सध्या वल्ह्यांवर चालवतो. किंमत त्याने उतरवली आणि मित्राने घासाघीस न करता कबूल केली. नारळ फुटला, हार चढला, ट्रॉली टेंपोला जोडली गेली. मित्र पुढे मल्लाहाशेजारी जाऊन बसला. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, अरे, वर जेवण तयार आहे, ती वाट बघते आहे. घाटावर उतरवायला हात लागेल, तो म्हणाला, वहिनींना सांग.

बायकोला मी सांगितलं की तो घाईत होता. संध्याकाळी तिला गार्डकडून कूलरची हकीकत कळली. रस्सा तिने डब्यात भरून कामवाल्या बाईला देऊन टाकला, आणि त्यानंतर आमच्या घरात तो झालेला नाही.

फायलीच्या दृष्टीने मी निर्दोष आहे. प्रस्ताव आहे, मान्यता आहे, तारीख आहे. कुठलीही चौकशी बसली तरी मी सुटेन, असा माझा अनुभव सांगतो. त्याच्या वाट्याचं पाकीट मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती लावून, आणि पावती सहीसह परत आली. मग एकदा न राहवून मी टिपण पाठवलं, 'नौकेच्या जागी उभारलेल्या चार्जिंग पॉइंटवर कबुतरांनी पुनश्च केलेली कार्यवाही अवलोकनार्थ सादर.' दोन दिवसांनी उत्तर आलं, 'बरं.' महिनाभराने दुसरं पाठवलं. त्यालाही 'बरं.' फोन केला तर तो नीट बोलतो, तब्येत विचारतो, वहिनींना नमस्कार सांगतो. माझा रविवार मला परत मिळाला आहे. मी पेपर वाचतो, बायको आतल्या खोलीत टीव्ही बघते, आणि अकरा वाजले की मला उगाच खाली पार्किंगमध्ये जाऊन यावंसं वाटतं.

परवा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात मराठी खाण्याचे स्टॉल लागले होते. तिथे थालीपिठाच्या रांगेत मित्राची मुलगी भेटली. मी वडिलांची चौकशी केली. ती हसायला लागली. बाबा बिल्कुल ऐकत नाहीत, उन्हात काळे पडलेत, म्हणाली. दर रविवारी घाटावर जातात. मल्लाहाचा खांदा दुखतो आणि नावेला इंजिन नाही, म्हणून वल्ही बाबाच मारतात. अस्थी घेऊन आलेल्या लोकांना मधल्या धारेपर्यंत नेतात आणि परत आणतात. चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ म्हणून ती भांडलीही होती. पण पोट उतरलंय, झोप लागते, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ते खुशीत दिसतात, म्हणून आता ती काही बोलत नाही.

"काका, तुम्ही पण जायला हवं होतं त्यांच्यासोबत," ती म्हणाली, आणि मग चूक लक्षात आल्यासारखी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सॉरी, बाबांनी सांगितलंय मला. ते दर वेळी तुम्हाला बोलावतात, पण तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना."

मी भंडाऱ्याचा. सात वर्षांचा होतो तेव्हा वैनगंगेत पोहायला शिकलो, आणि तिच्या वडिलांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यांनी मला एकदाही बोलावलेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "लहानपणापासून."